सफरचंदाच्या बुंध्यातून येणारी फूट काही केल्या थांबत नाहीये? आधी माती बाजूला करून बघा

दर पंधरा दिवसांनी कापायचं आणि दर पंधरा दिवसांनी परत तेच. सफरचंदाच्या बुंध्याशी, अगदी मातीतून, सरळसोट हिरव्या काड्या येतात, आपण त्या सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, मातीबरोबर कापतो, आळं छान स्वच्छ दिसतं, आणि महिन्याभरात एकीच्या जागी चार उभ्या. पुण्यात सफरचंद लावलेली बरीच घरं आता माझ्या ओळखीत झालीयेत, कोथरूडला, वारज्याला, एक तर पार वाघोलीला, आणि जवळपास प्रत्येकाची हीच तक्रार असते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. मी ह्या फुटीशी तीन वर्षं झगडले, त्यात एक झाड हातचं जाता जाता राहिलं, आणि ते का ते कळल्यावर खरंच वाईट वाटलं, कारण झाड इतके दिवस सांगत होतं आणि मी फक्त कापत होते.

आमची झाडं दोन. कर्वेनगरला घरामागे जी थोडी जागा आहे तिथे जानेवारी २०२० मधे लावलेली, एक एचआरएमएन-९९ आणि एक ॲना. एचआरएमएन-९९ म्हणजे हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी तयार केलेली जात, ज्यांना २०२५ मधे पद्मश्री मिळाली. ॲना मूळ इस्रायलची. दोन्ही कमी थंडीवर चालतात म्हणून आपल्याकडे जगतात, नाहीतर नेहमीच्या सफरचंदाला हजार-हजार तास जी कडक थंडी लागते ती पुण्यात कुठून आणणार. रोपं आली तेव्हा नुसती काडी आणि ओल्या मॉसमधे गुंडाळलेल्या मुळ्या. ज्यांनी लावून दिली त्यांनी "वाऱ्याने हलायला नको" म्हणून चांगली खोल लावली, कलमाचा जोड पार मातीखाली. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. आता कळतंय की निम्मी गडबड तिथेच सुरू झाली.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. बुंध्याजवळची प्रत्येक फूट सारखी नसते. कलम म्हणजे दोन झाडं एकावर एक: खाली खुंट, वर आपल्याला हवी ती जात. जिथे जोडलंय तिथे बुंध्याला एक गाठ किंवा थोडा बाक दिसतो, कधी सालीचा रंग वर-खाली वेगळा असतो. ह्या जोडाच्या खालून किंवा मुळीवरून जे येतं ती खुंटाची फूट, ज्याला हल्ली सगळे सकर म्हणतात. ती काढायचीच, त्यात दुसरा विचार नाही. जोडाच्या वरून, खोडातून किंवा जाड फांदीतून सरळ आकाशात जाणारी जोमदार फूट येते ती वेगळी, तिला संत्र्या-मोसंबीवाले पानसोट म्हणतात. पानसोट आपल्याच जातीचा असतो, गर्दी करत असेल तर काढा, पण एखादी बाजू रिकामी असेल तर तोच दोरीने बांधून आडवा केला की दोन वर्षांत कामाची फांदी होते. माझ्या मैत्रिणीने घाबरून खालचं-वरचं सगळंच साफ केलं, आणि झाडाला एका बाजूला फांदीच राहिली नाही.

जोड सापडला की त्यावर ऑइल पेंटचा बारीक ठिपका देऊन ठेवा. अगदी साधी गोष्ट आहे पण पुढची दहा वर्षं उपयोगी पडते, माळीदादा आले, घरात दुसरं कोणी झाड बघायला लागलं, तरी एका नजरेत कळतं की ठिपक्याच्या खालचं काही ठेवायचं नाही. जोड दिसतच नसेल, म्हणजे आमच्यासारखा पुरलेला असेल, तर पानं बघा. माझ्या खुंटाची पानं लहान, कडेला जास्त दातेरी, पाठीमागून गुळगुळीत, आणि काडीवर मधेमधे काट्यासारखे आखूड टोकदार फुटवे होते. एचआरएमएनचं पान त्यापेक्षा मोठं, जाडसर, पाठीला मऊ पांढरट लव. दोन्ही पानं शेजारी शेजारी हातात धरली की फरक लहान मुलालाही दिसेल. मी मात्र तीन वर्षं ती शेजारी धरलीच नव्हती.

२०२२ च्या पावसाळ्यात एचआरएमएनच्या बुंध्यातून एक फूट अशी काही वाढली की बघत राहावं. जुलैत बोटाएवढी, सप्टेंबरात अंगठ्याएवढी जाड आणि माझ्या खांद्याला लागलेली, पानं हिरवीगार. मूळ खोड मात्र त्याच वर्षी थांबल्यासारखं झालेलं, शेंड्याची पानं बारीक आणि पिवळट. आम्हाला वाटलं झाड नव्याने जोर धरतंय. मी त्या फुटीला बांबूचा आधार दिला, सुतळीने बांधली, शेणखत घातलं. डिसेंबरात नारायणगावचे मामा आले होते, त्यांची द्राक्षाची बाग आहे, त्यांनी चहाचा कप हातात घेऊन मागे एक चक्कर मारली आणि झाडाशी थांबून म्हणाले, "अगं, हा तर खुंट वाढवलायस तू. कलम मरायला लागलंय बघ."

द्राक्षवाल्यांना हे लगेच दिसतं कारण त्यांचं रोजचं काम आहे. आपल्याकडे नारायणगाव-जुन्नर भागात द्राक्षं बहुतेक डॉगरिज नावाच्या अमेरिकन खुंटावर कलम केलेली असतात, कारण तो खुंट पाण्याचा ताण आणि खारं पाणी सोसतो. शेतात आधी खुंट लावायचा, मग त्यावर पाचर कलम करायचं, म्हणजे हव्या जातीची काडी पाचरीसारखी तासून खुंटाच्या चिरेत बसवायची, आणि कलम केल्यापासून खुंटाला जी फूट येते ती सतत काढत राहायची. एक आठवडा दुर्लक्ष झालं तर सगळा जोर डॉगरिज घेऊन जातो आणि वरची काडी बसून राहते. मामांनी मला विचारलं की फूट कशी काढतेस, मी सिकेटर दाखवला, तर म्हणाले, "कात्री ठेव बाजूला. कोवळी असताना अंगठ्याने खाली दाबून पाडायची, बुडासकट निघाली पाहिजे. कापलीस की बुडाचे डोळे तिथेच राहतात, आणि तेच परत फुटतात." माझ्या तीन वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी एवढ्यात दिलं.

नंतर मी ह्यावर बरंच वाचलं, आणि जे कळलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगते. सफरचंदाचे खुंट नर्सरीत तयार कसे करतात माहितीये का? खुंटाचं एक आईझाड लावतात. ते थंडीत जमिनीबरोबर छाटून टाकतात. वसंतात बुडातून भरपूर फूट येते. ती वीतभर झाली की तिच्या बुडाशी माती किंवा लाकडाचा भुसा ढीग करून लावतात, फूट वाढेल तसा ढीग वाढवतात. त्या ओल्या अंधारात प्रत्येक काडीला स्वतःची मुळं फुटतात, मग हंगाम संपला की ढीग बाजूला करून मुळांसकट काड्या कापून घ्यायच्या, प्रत्येक काडी एक खुंट. आईझाड परत जमिनीबरोबर छाटलेलं, पुढच्या वर्षी अजून जास्त फूट. ह्याला स्टूलिंग म्हणतात, आपल्याकडे पेरूतही करतात. आता आपण घरी काय करतो ते बघा: फूट मातीबरोबर कापतो, वर पालापाचोळ्याचा जाड थर बुंध्याला चिकटवून टाकतो, रोज पाणी घालतो. म्हणजे नर्सरीवाला खुंटाचं पीक घ्यायला जे करतो तेच आपण खुंट संपवायला करतोय. मग एकीच्या जागी चार येणार नाहीत तर काय होईल.

आणि हे खुंट बाकी गुणांबरोबर ह्या गुणासाठीही पिढ्यानपिढ्या निवडलेले आहेत. इंग्लंडमधे केंटला ईस्ट मॉलिंग नावाचं संशोधन केंद्र आहे, १९१३ पासूनचं, तिथे वेगवेगळ्या नावांनी सरमिसळ झालेले जुने खुंट तपासून, वेगळे करून त्यांना नंबर दिले, एम ९, एम ७ वगैरे. नंतर मर्टनच्या संस्थेबरोबर मिळून एमएम १०६, एमएम १११ हे काढले, त्यात लोकरी मावा ह्या कापसासारख्या दिसणाऱ्या किडीला दाद न देणाऱ्या नॉर्दर्न स्पाय जातीचं रक्त घातलं. हे नंबर तुमच्या रोपाच्या लेबलवर असतील तर जपून ठेवा, कारण फुटवे किती येणार हे बरंचसं त्यावर ठरतं. एम ७ फुटव्यांसाठी बदनाम आहे, एमएम १०६ ला त्या मानाने कमी येतात. बियांपासून वाढवलेल्या रोपावर कलम असेल, म्हणजे आमच्यासारखं, तर प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा, आमच्या ॲनाला वर्षात दोन-तीन फुटी येतात आणि एचआरएमएनला त्या वर्षी मी मोजल्या तेव्हा सव्वीस होत्या.

आता प्रत्यक्ष काम. मोठी साफसफाई मी पावसाळा संपून हवा कोरडी झाली की करते, दिवाळीनंतर ते जानेवारी अखेरपर्यंत. भर पावसात जाड फूट काढली तर जखम ओलीच राहते आणि कुजते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात बुंधा उघडा टाकणं बरोबर नाही. कोवळी, बोटभर फूट मात्र दिसेल तेव्हा काढायची, त्याला मुहूर्त नाही.

आदल्या संध्याकाळी आळ्याला पाणी द्या, माती मऊ होते. सकाळी खुरपं आणि हात, बस. कुदळ, टिकाव, फावडं अजिबात नको, का ते पुढे सांगते. बुंध्याभोवती वीतभर रुंद अशी माती हळूहळू बाहेर ओढायची, मुळी लागली की तिच्या बाजूबाजूने जायचं. शेवटची चिकट माती मी पाइपच्या पाण्याने धुऊन काढते, आमची माती काळी आहे, खाली मुरूम, वाळली की दगड होते आणि ओली असली की सोडत नाही, म्हणून पाणीच बरं.

त्या दिवशी माती धुऊन गेली आणि जे दिसलं ते मी विसरणार नाही. जमिनीच्या चार बोटं खाली, बुंध्याच्या एका अंगाला, आल्याच्या गड्ड्यासारखी एक गाठ झालेली. तिच्यावर मी तीन वर्षं कापलेल्या काड्यांचे सगळे थुटके, एकावर एक, काही काळे पडून कुजलेले, काहींत वाळवी शिरलेली, आणि प्रत्येक थुटक्याच्या बुडाशी दोन-तीन गुलाबीसर कोंब, तांदळाच्या दाण्याएवढे, वाट बघत बसलेले. वरून आळं किती स्वच्छ दिसायचं. आणि खाली हे.

कोवळी फूट असेल तर अंगठा तिच्या बुंध्याकडच्या बाजूने आत घालायचा आणि बाहेर-खाली अशी एका झटक्यात पाडायची. बरोबर निघाली तर टक् असा आवाज येतो आणि फुटीच्या बुडाला सालीचा छोटा पांढरट टाच-तुकडा येतो. तो आला म्हणजे डोळे निघाले. तो न येता मधेच तुटली तर खुरप्याच्या टोकाने तेवढं बूड खरवडून घ्या. पेन्सिलीपेक्षा जाड आणि लाकूड झालेली फूट मात्र ओढायची नाही, बुंध्याची साल लांबपर्यंत सोलून येते. ती धारदार चाकूने किंवा सिकेटरने अगदी अंगाबरोबर कापायची, मग बुडाशी जो जाडसर गोल असतो तोही चाकूने तासून सपाट करायचा, कारण दबलेले डोळे त्या गोलातच असतात. फांदीच्या छाटणीत हा गोल राखायचा असतो, इथे उलटं. पुष्कळांचं इथेच चुकतं. चाकू-सिकेटर आधी स्पिरिटने पुसून घ्या.

बुंध्याच्या सगळ्या बाजूंनी जाड फुटी असतील तर एका दिवशी सगळ्या काढू नका. जखमांची माळ बुंध्याभोवती पूर्ण झाली तर सालीतून मुळांना मिळणारं अन्नच तुटतं. मी एचआरएमएनची निम्मी बाजू डिसेंबरात केली आणि उरलेली जानेवारीच्या शेवटी.

जखमा दिवसभर सुकू द्यायच्या, मग बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप. घरच्या एक-दोन झाडांना १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी पुरून उरतं. मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा, धातूचं भांडं नको. चुना उरलेल्या अर्ध्या लिटरमधे वेगळा विरवा, तो उकळल्यासारखा गरम होतो, तोंड लांब ठेवा, मग गार होऊ द्या. दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून लाकडाने ढवळा, सुरेख निळं होतं. लोखंडी खिळा किंवा सुरी त्यात मिनिटभर बुडवून बघायची, तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडी निवळी अजून घाला. त्याच दिवशी वापरायची, उद्यासाठी ठेवायची नाही. जुन्या रंगाच्या ब्रशने जखमांवर आणि बुंध्यावर वीतभर लावली की काम झालं. हातमोजे घाला.

पेस्ट लावली आणि लगेच माती लोटली असं करू नका. मी बुंधा तीन-चार आठवडे तसाच उघडा ठेवते, थंडीत चालतं, फक्त बारीक मुळ्या उघड्या पडल्या असतील तर त्या तेवढ्या झाकते. उजेड आणि कोरडी हवा मिळाली की त्या गाठीची नव्याने फुटायची आणि मुळं काढायची खोड बरीच कमी होते. ह्या काळात दर रविवारी चहा झाल्यावर एक नजर टाकायची. कोंब दिसला की नखाने काढायचा, दोन सेकंदाचं काम. पहिल्या फेब्रुवारीत मी असे पंधराएक कोंब काढले. मार्चमधे चार, आणि मग पाऊस पडेपर्यंत काहीच नाही. जूनच्या पावसाबरोबर परत आले पण तेव्हा डोळे तिथल्या तिथे टिपायची सवय लागली होती.

पण नुसतं काढून भागत नाही हो. खुंट फुटतो त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते शोधलं नाही तर जन्मभर रविवारी तेच करत बसावं लागेल.

आमचं पहिलं कारण खोल लागवड हे होतं. जोड जमिनीच्या वर किमान वीतभर दिसला पाहिजे. तो पुरला की खुंटाचा जो भाग उजेडात साल पक्की करून गप्प बसला असता तो ओल्या अंधारात राहतो आणि फुटत राहतो, शिवाय वरच्या जातीलाही स्वतःची मुळं फुटतात आणि मग झाड लहान राहावं म्हणून ठेंगणा खुंट घेतला असेल तर त्याचा उपयोगच राहत नाही. रोप एक-दोन वर्षांचं असेल तर जानेवारीत पानं गळलेली असताना मोठ्या गड्ड्यासकट उचलून वर लावणं सगळ्यात सोपं. आमचं मोठं झालेलं, म्हणून भोवतीची मातीच उतरवली. त्यात अडचण अशी की काळ्या मातीत खोलगट आळं म्हणजे पावसाळ्यात तळं, आणि सफरचंदाची मुळं पाण्यात उभी राहिली की गुदमरतात. म्हणून एका कडेने उताराचा चर काढून दिला आणि संत्र्याला करतात तसं दुहेरी आळं केलं, आतला गोल बुंध्याभोवती कोरडा, पाणी फक्त बाहेरच्या गोलात. पालापाचोळाही बाहेरच्या गोलातच, बुंध्यापासून चांगला वीतभर लांब.

दुसरं कारण खणणं. दर दिवाळीला आम्ही "माती मोकळी करायची" म्हणून आळं कुदळीने खणून घ्यायचो, आजोबांच्या वेळपासून घरात तशी पद्धत. सफरचंदाच्या मुळ्या वरच्या थरात पसरतात, कुदळीचा घाव बसला की त्या जखमेच्या आसपास नवे डोळे तयार होतात आणि तिथून फूट वर येते, कधी बुंध्यापासून दोन हात लांब. अशी लांबची फूट आली तर तिच्या खाली उकरत गेलात की हमखास जुन्या घावाची खूण सापडते. ती फूटही मुळीवरून तशीच पाडायची. आता आम्ही खणत नाही, शेणखत आणि निंबोळी पेंड वरून पसरून पाचोळ्याने झाकतो, बाकी गांडुळं बघून घेतात.

तिसरं म्हणजे वर झालेली इजा. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. वरचं झाड जोरात असेल तोवर खुंट बऱ्यापैकी गप्प असतो. वर एकदम निम्मं झाड छाटलं, खोडकिड्याने पोखरलं, उन्हाने साल भाजली, किंवा जोडच नीट जुळला नाही, की खालचे डोळे जागे होतात. म्हणून अचानक फूट वाढली तर आधी मान वर करून झाड बघा. खोडाला भोक आणि खाली भुसा पडलाय का? नैऋत्येकडची साल, जिथे दुपारचं ऊन लागतं, ती तडकलीये का? आमच्या एचआरएमएनला नेमकी हीच भाजलेली पट्टी होती, ती मी उन्हाळ्यात कधी निरखून पाहिलीच नव्हती. आता फेब्रुवारीतच खोडाला चुना लावते. छाटणीही बेताची, एका वेळी पाव झाडापेक्षा जास्त नाही. पुण्यात थंडी पुरत नाही म्हणून डिसेंबरात पानं हाताने काढून झाडाला विश्रांती द्यायची पद्धत आहे, इंडोनेशियात मलंगच्या डोंगरातही सफरचंदवाले तेच करतात, ते मीही करते, पण त्याच आठवड्यात जोरदार छाटणी करत नाही, दोन धक्के एकदम नको.

युरिया देत असाल तर तोही बंद करा, फुटव्यांना फार मानवतो.

तणनाशक मारू का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. नाही. फूट जरी खुंटाची असली तरी ती तुमच्याच झाडाच्या मुळाला जोडलेली आहे, ग्लायफोसेट हे नेहमीचं तणनाशक पानातून आत जातं आणि मुळांपर्यंत पोचतं, तिथून वरचं झाड जायला वेळ लागत नाही. शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरमधे केंद्राने आदेश काढला होता की ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं. मीठ, रॉकेल, उकळतं पाणी हेही ऐकलंय. कृपा करून झाडाच्या बुडाशी ह्यातलं काहीही ओतू नका. एका ओळखीच्या काकूंनी मीठ घातलं होतं, फूट गेली आणि पुढच्या मेपर्यंत झाडही गेलं.

फुटीच्या बुडाशी पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो लोकरी मावा. त्याला कोवळी फूट आणि छाटणीच्या जखमा फार आवडतात, आणि तो मुळांवरही उतरून गाठी करतो. बोटाने चुरडलं की लालसर रंग लागतो. डोंगरातून आलेल्या रोपाबरोबर येऊ शकतो, म्हणून नवीन रोप लावायच्या आधी मुळं बघून घ्या. फूट काढून पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमधे नाही.

आणि वरचं कलम खरंच मेलं असेल तर? हे ओळखायला नखाने साल खरवडायची. जोडाच्या वर कुठेच हिरवं दिसत नसेल आणि खालून मात्र जोमदार फूट असेल तर ते झाड आता सगळं खुंटाचंच आहे. गुलाबाच्या बाबतीत हे पुण्यात घरोघरी होतं, हौसेने आणलेला लाल गुलाब दोन वर्षांनी बारीक गुच्छाची फुलं द्यायला लागतो, ती गुलाबाची चूक नसते, कलम गेलेलं असतं आणि खुंट राहिलेला असतो. सफरचंदात फळं यायलाच वर्षं लागतात म्हणून कळायला उशीर होतो, माणसं सहा-आठ वर्षं पाणी घालतात आणि हाती लहान आंबट फळं येतात. पण मुळं जिवंत आहेत ना, मग झाड गेलेलं नाही. एक सरळ, निरोगी, पेन्सिलीएवढी फूट ठेवा, बाकीच्या पाडा, आणि जानेवारीत कोणाकडून तरी चांगल्या जातीची काडी आणून तिच्यावर पाचर कलम करून घ्या. तयार मुळांवरचं कलम वेगाने वाढतं.

आमच्या एचआरएमएनवर ती वेळ आली नाही. ज्या अंगठ्याएवढ्या फुटीला मी बांबू दिला होता ती मामांनीच त्या डिसेंबरात काढली, तिला बुडाशी स्वतःची भरपूर मुळं आलेली होती, म्हणून टाकवेना, मातीच्या कुंडीत लावली. दुसऱ्या वर्षी जानेवारीत मामा परत आले तेव्हा तिच्यावर ॲनाची काडी बसवली, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून वरून पिशवी घातली, आणि एकविसाव्या दिवशी डोळा फुगला. मूळ झाडाने तोवर वरची नवी पालवी काढली होती, मोठी, पाठीला लव असलेली. कुंडीतलं रोप आता कमरेएवढं झालंय, ह्या थंडीत ते वारज्याच्या मैत्रिणीकडे जाईल, जिच्या झाडाची एक बाजू रिकामी राहिली होती तिच्याकडे. जोडावर निळ्या ऑइल पेंटचा ठिपका आधीच देऊन ठेवलाय.